अडकलेल्या माणसाला काय द्यावं?

संशयी : अडकलेल्या माणसाला आपण सगळ्यात आधी काय देतो? धीराचे शब्द. 'आशा सोडू नकोस', 'हेही दिवस जातील', 'मनावर घेतलं की सगळं होतं.' देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्याजवळ आशा उरलेलीच नाही त्याला ती घट्ट धरून ठेवायला सांगणं म्हणजे तापानं तोंडाची चव गेलेल्याला पोटभर जेव म्हणण्यासारखं आहे. माझी खरी तक्रार मात्र याच्याही पुढची आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या किंवा शास्त्री रस्त्यावरच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. प्लायवूडच्या दोन फळ्यांमधली दीड हात जागा महिन्याच्या भाड्यानं घेतलेली असते. समोरच्या फळीवर वेळापत्रक चिकटवलेलं, शेजारी कुणा निवड झालेल्या उमेदवाराचा पेपरातला फोटो, खाली मेसचं कार्ड टाचलेलं. तिथं बसलेला तिशीतला मुलगा पाच-सहा वर्षं स्पर्धा परीक्षेची तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतोय. तो निराश आहे का? अजिबात नाही. यंदा पूर्वपरीक्षा दोन मार्कांनी गेली, पुढच्या जाहिरातीत पोस्ट निघणारच, असा त्याचा पक्का विश्वास आहे. त्याला बांधून ठेवलंय ते आशेनंच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेला 10,16,850 अर्ज आले, 5,92,141 जण पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले आणि अखेर शिफारस झाली 1,016 जणांची. म्हणजे हजार अर्जांमागे एक. त्या एकाची मुलाखत उरलेल्या सगळ्यांना दाखवायची आणि तिला प्रेरणा म्हणायचं, हे मला क्रूर वाटतं. तेव्हा आशेनं आयुष्य मार्गी लागतं, असं तुम्ही म्हणणार असाल, तर आधी मला सांगा की आशेनंच ज्यांचं आयुष्य थांबलं त्यांचं काय करायचं?

आशावादी : तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग मी आत्ताच मान्य करतो. निकालाची आशा आणि स्वतःच्या हाताची आशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दोन्हींना एकाच नावानं हाक मारतो, तिथंच घोटाळा होतो. पहिलीत माणूस वाट पाहतो. दुसरीत त्याला असं वाटत असतं की मी काही केलं तर काहीतरी फरक पडेल. अडकलेल्याची हरवते ती ही दुसरी. ती कशी हरवते, याचा माग मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढला. प्रयोग कुत्र्यांवरचा होता आणि निर्दय होता, हे आधी सांगितलं पाहिजे. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्यानं एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, पण त्यांनी काहीही केलं तरी थांबत नसत. नंतर सगळ्यांना एका पेटीत ठेवलं. मध्ये एक बुटका अडसर, तो ओलांडला की सुटका. पहिल्या गटानं उडी मारली. दुसऱ्यातले बहुतेक तिथंच पडून कण्हत राहिले. सुटका समोर होती, पण आपण काही केल्यानं काही होतं, यावरचा त्यांचा भरवसाच गेला होता. पुढच्या वर्षीचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या कुत्र्यांना उठवायला खाऊ दाखवून, हाका मारून काही उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात पट्टा बांधून त्यांना अडसरापलीकडे ओढून न्यावं लागलं, एकदा नाही, अनेकदा. मग कुठे ते आपण होऊन ओलांडू लागले. हाकांनी झालं नाही ते ओढून नेल्यानं झालं. धीराच्या शब्दांबद्दल तुम्ही जे म्हणता त्याचा हा प्रयोगशाळेतला पुरावाच आहे.

याच्यात आणखी एक वळण आहे. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलं जुनं म्हणणं उलटं केलं. हतबलता शिकली जाते, असं ते आधी म्हणत होते. आता त्यांचं म्हणणं असं की लांबलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणं ही प्राण्याची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते आपल्या करण्यानं फरक पडतो हे. मला यातून मिळणारा दिलासा फार मोठा वाटतो. अडकलेला माणूस आळशी नसतो, कमकुवत मनाचा नसतो. तो फक्त अशा जागी असतो जिथं ते शिकण्याची संधी त्याला बऱ्याच दिवसांत मिळालेली नाही.

संशयी : प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात, पण त्यातली एक गोष्ट फार भरभर ओलांडलीत. अडसर बुटका होता आणि पलीकडे झटके नव्हते. म्हणजे पेटी बनवणाऱ्यानं वाट आधीच ठेवली होती. आपल्या समाजात किती पेट्यांना अशी वाट असते? एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या बालविधवेचा विचार करा. केशवपन, एकवेळ जेवण, घरातलं राबणं, मंगलकार्यातून हद्दपारी. तिनं कितीही मनाची उभारी धरली असती, रोज सकाळी कितीही लहान पाऊल उचललं असतं, तरी ते पाऊल पडणार कुठे होतं? देवरुखच्या गोदूबाई जोशी बालपणीच विधवा झाल्या. त्यांचं आयुष्य बदललं ते पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं म्हणून, आणि भाऊ नरहरपंतांनी त्यांना तिथं नेलं म्हणून. त्या सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. या गोष्टीत आधी काय आलं? घर आलं, जेवणाखाण्याची सोय आली, बॉस्टनमधल्या समितीनं जमवलेला पैसा आला. आशा आली असेल तर त्यानंतर आली. माझं मानसशास्त्राशी भांडण होतं ते इथं. ते पेटीतल्या जिवाचं निरीक्षण करतं आणि पेटीबद्दल गप्प बसतं. मग मोबाइलवर लोक सांगू लागतात की पहाटे पाचला उठा, अंथरूण आवरा, आयुष्य बदलेल. ज्यांनी जागा भरायच्या, पाणी द्यायचं, मजुरी द्यायची, त्यांना हा उपदेश फार सोयीचा असतो, कारण त्यात त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

आशावादी : बोट दाखवलंच पाहिजे. पण रमाबाईंचं नाव तुम्ही काढलंत म्हणून विचारतो, त्यांच्यासाठी घर कुणी बांधून ठेवलं होतं? 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 च्या सुरुवातीला पती गेले, तेव्हा त्या विशीतच होत्या आणि कडेवर तान्ही मनोरमा होती. ज्या समाजानं गोदूबाईंना कोंडलं, त्याच समाजात त्याही उभ्या होत्या. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. पेटीला वाट नव्हती तेव्हा कुणीतरी ती पाडली, म्हणून गोदूबाईंना वाट मिळाली. पाडणारा जीवही पेटीतलाच होता. आणि गोदूबाईंची गोष्ट सदनाच्या दारात संपत नाही. पुनर्विवाहानंतर कर्व्यांच्या मुरुड गावानं या जोडप्याला वाळीत टाकलं. कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा याच बाई त्याच्यासाठी वर्गणी मागत हिंडल्या. जिला हाताला धरून बाहेर आणलं, तिचाच हात पुढे कामाला आला. बाहेरचं आणि आतलं यांची तुम्ही करता तशी फाळणी मला करता येत नाही.

संशयी : रमाबाई अपवाद होत्या, आणि अपवाद का झाल्या तेही पाहा. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्र्यांनी, लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या विद्येत ही मुलगी वाढली. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवावं एवढी विद्या जवळ असलेल्या बाईचं उदाहरण, जिला अक्षरओळखही नाही तिच्यापुढे ठेवायचं का? तुम्ही पुन्हा हजारातल्या एकाची मुलाखत दाखवत आहात. मला साध्या माणसांचं सांगा. ज्यांच्याजवळ विद्या नाही, पैसा नाही, मागं कुणी नाही, आणि ज्यांचं मन आधीच मोडलेलं आहे.

आशावादी : मग गोव्याचं सांगतो. तिथल्या 'संगत' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांवर येणाऱ्या अशाच साध्या लोकांबरोबर काम केलं. सगळे चांगल्याच तीव्र नैराश्यानं ग्रासलेले. अर्ध्या लोकांना केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. उरलेल्या अर्ध्यांना त्याच्या जोडीला एक समुपदेशक दिला. तो मनोविकारतज्ज्ञ नव्हता, मानसोपचाराचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेला, त्याच भागातला, या कामापुरता तयार केलेला माणूस होता. सहा ते आठ भेटी, केंद्रावर किंवा घरी. या भेटींत काय चालायचं ते नीट पाहण्यासारखं आहे. 'आशा ठेव' असं त्यात काही नव्हतं. पूर्वी तू काय करायचास आणि आता काय सोडून दिलंस, हे विचारायचं. त्यातलं या आठवड्यात झेपेल असं एक काम दोघांनी मिळून निवडायचं, मग ते शेजारणीकडे जाऊन बसणं असेल, परसातली झाडं असतील, थकलेल्या बिलासाठी कचेरीत जाणं असेल. कुठल्या दिवशी, किती वाजता, सोबत कोण, हे ठरवायचं. पुढच्या भेटीला ते झालं का, नंतर कसं वाटलं, नसेल झालं तर आडवं काय आलं, एवढंच. मन तयार झाल्यावर काम करायचं, हा आपला नेहमीचा क्रम तिथं मोडला होता. काम आधी, मन मागून. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशकाच्या गटातले 64 टक्के लोक नैराश्याच्या उंबरठ्याखाली आले होते, दुसऱ्या गटातले 39 टक्के. कुणाची गरिबी तेवढ्यात गेली नव्हती, कुणाचा दारुडा नवरा बदलला नव्हता. तरी हे घडलं. मी हे पट्टा बांधून ओढून नेण्याचं माणुसकीचं रूप समजतो. वाट आहे की नाही हा प्रश्न उरतोच. पण वाट असून दिसत नाही, अशी अवस्था आपण समजतो त्याहून फार जास्त लोकांची असते.

संशयी : आकडे मोलाचे आहेत, मी ते नाकारत नाही. पण तेच आकडे उलटे धरले तर 36 टक्के लोक समुपदेशक मिळूनही बरे झाले नाहीत आणि 39 टक्के त्याच्याशिवाय झाले. म्हणजे हा सगळ्यांचा मार्ग नाही, काहींचा आहे. शिवाय नैराश्याचा आजार आणि अडकलेलं आयुष्य यांत गल्लत नको. ज्याची झोप उडाली, अन्न जाईना, मरणाचे विचार येऊ लागले, त्याच्यासाठी डॉक्टर आहे, सरकारची 'टेलिमानस' सेवा 14416 या क्रमांकावर आहे, आणि तिथं वेळ घालवू नये. मी बोलतोय तो धडधाकट आहे आणि तरी अडकलाय. म्हणून मी तुम्हाला पुन्हा अभ्यासिकेत घेऊन जातो. तुमचं सूत्र म्हणतं, काम आधी, मन मागून. तो मुलगा तर रोज दहा तास काम करतोय. चालू घडामोडींच्या वह्या भरतोय, टेस्ट सिरीज सोडवतोय, सकाळी सातला जागा धरतोय. कृतीची त्याच्याकडे कमतरता नाही, शिस्तीची नाही, मित्रांची नाही. तुमचा समुपदेशक त्याच्यासमोर बसला तर त्याला नेमकं काय सांगेल?

आशावादी : हा प्रश्न मला हलवणारा आहे, आणि त्यानं माझं म्हणणं मला दुरुस्त करावं लागतंय. नुसती कृती पुरत नाही, तिला उत्तर यावं लागतं. गोव्यातल्या एखाद्या बाईनं मंगळवारी शेजारणीकडे जायचं ठरवलं, तर मंगळवारी संध्याकाळी तिला उत्तर मिळतं, बरं वाटलं किंवा नाही वाटलं. परीक्षेच्या कृतीला उत्तर येतं ते वर्षा-दोन वर्षांनी, आणि तेही कटऑफच्या एका आकड्यात. काय चुकलं, काय बदलायचं, याबद्दल तो आकडा फारसं सांगत नाही. मधल्या सगळ्या दिवसांत माणूस कष्ट करतो, पण आपल्या करण्यानं फरक पडतो का, हे त्याला कळायला मार्ग नसतो. बाहेरून तो झटून काम करताना दिसतो, आत मात्र तो कुत्र्यांच्या प्रयोगातल्या त्या दुसऱ्या गटातल्या जिवासारखाच होत जातो. व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक 'फक्त आजचा दिवस' का म्हणतात, ते मला इथं कळतं. आज प्यायलो की नाही, याचं उत्तर आज रात्रीच मिळतं. ज्याला जन्मभराची शपथ पेलत नाही, त्याला एक दिवस पेलतो, आणि त्या एका दिवसाचा निकाल त्याच्याच हातात असतो.

तेव्हा समुपदेशक त्याला 'सोड' म्हणणार नाही, असं मला वाटतं. कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातून निसटलेल्या ध्येयांचा बराच अभ्यास केला आहे. त्यांचं 2003 पासूनचं म्हणणं असं की गाठता न येणारं ध्येय सोडता येणं ही माणसाच्या स्वास्थ्याला लागणारी क्षमता आहे, तिला दौर्बल्य म्हणू नये. पण तिच्या जोडीला दुसरी क्षमता लागते, नवं काही धरता येण्याची. नुसतं सोडलं तर मागं पोकळी उरते. आपण या मुलांना 'प्लॅन बी' म्हणतो तेव्हा ते नुसते दोन शब्द असतात, त्यांच्या हातात काहीच नसतं. त्याच्या आठवड्यात आधी काहीतरी घालावं लागेल. दिवसातले दोन तास शिकवणी, एखाद्या कार्यालयातलं अर्धवेळ काम, हाताला येणारं एखादं कौशल्य, जिथं महिनाअखेरीला थोडे पैसे आणि रोज थोडं उत्तर मिळतं. सोडण्याचा विचारही करता यावा, एवढी जमीन पायाखाली आली की मग निर्णय त्याचा.

संशयी : दोन तास म्हणजे स्पर्धेत मागं पडणं, असं तो म्हणेल, आणि त्याचं खोटं नाही. पण त्याहून मोठा अडथळा तुम्ही हिशेबात धरलेला नाही. तो एकटा अडकलेला नाही, त्याच्याबरोबर घर अडकलं आहे. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, बहिणीच्या लग्नाची बोलणी पुढे ढकललेली असतात, गणपतीला गावी गेलं की पारावरचा प्रत्येक जण 'काय साहेब, कधी?' म्हणून विचारतो. त्या घरात शिकवणी घेणं म्हणजे हरल्याची कबुली. तुमच्या दुसऱ्या क्षमतेला त्या घरात परवानगी नाही. आणि शासनाचं काय? राज्यसेवेची 2020 ची पूर्वपरीक्षा 5 एप्रिलला व्हायची होती. महामारी आली, तारखा पुढे जात राहिल्या. 14 मार्च 2021 ची तारीख अवघ्या तीन दिवसांवर असताना पुन्हा बदलली, तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, आणि अखेर 21 मार्चला परीक्षा झाली. महामारी कुणाच्या हातात नव्हती. पण वाट पाहणाऱ्याचं वर्ष मात्र त्याचंच गेलं. कष्टाला उत्तर लवकर यावं, असं तुम्ही म्हणता ना, मग पहिली मागणी आयोगाकडे करा. वेळेवर जाहिरात, वेळेवर निकाल, दर वेळी किती जागा ते आधी जाहीर. ते झालं तर अर्धी मुलं समुपदेशकाशिवाय मोकळी होतील, कारण त्यांना 'नाही' हे उत्तर तरी वेळेवर मिळेल.

आशावादी : ती मागणी मी तुमच्याबरोबर करीन. घराबद्दलही तुमचं खरं आहे. म्हणून ते बोलणं त्या एकट्याशी करून चालणार नाही, वडिलांशीही करावं लागेल. पुण्याला जायच्या आधी करावं लागेल, तिसरा प्रयत्न हुकल्यावर नाही. किती वर्षं, किती पैसे, कुठल्या टप्प्यापर्यंत पोचलो तर पुढे आणि नाहीतर परत, हे डोकं थंड असताना दोघांनी मिळून ठरवावं. आशा तापलेली असताना मर्यादा ठरवता येत नाही, ती नेहमी आणखी एका प्रयत्नानं पुढे सरकते.

संशयी : ती घरातच सरकते असं नाही. खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय 33 होतं. 2016 मध्ये शासनानं ते 38 केलं. मागणी उमेदवारांचीच होती. ज्यांचं वय निघून गेलं होतं त्यांना तो न्याय वाटला असणार, आणि त्यातल्या काहींची निवड झाली, त्यांच्यासाठी तो न्यायच होता. पण ज्यांनी तेहतिसाव्या वर्षी सुस्कारा टाकून वेगळी वाट धरली असती, त्यांच्यापुढे आणखी पाच वर्षं उघडी झाली. या दोन माणसांत फरक कसा करायचा? अडतिसाव्या वर्षी निवड झालेल्याला आपण चिकाटीचा म्हणतो, न झालेल्याला अडकलेला. छत्तिसाव्या वर्षी त्या फळ्यांमध्ये दोघंही शेजारी बसलेले होते, तीच पुस्तकं, तेवढेच तास, तोच विश्वास. आतून पाहिलं तर चिकाटी आणि अडकणं यांत काही खूण सापडत नाही.

आशावादी : एक खूण सुचवतो, तीही कच्ची आहे. मागच्या वेळेपेक्षा या वेळी तो वेगळं काय करतोय, हे त्याला सांगता येतं का? सांगता येत असेल तर तो चालतोय. तेच तेवढ्याच जोरानं पुन्हा करत असेल आणि बदललं असेल फक्त जाहिरातीचं वर्ष, तर तो थांबलाय.

संशयी : आणि वेगळं करूनही अपयश आलं तर? निवड झालेल्यांतले काही तेच तेवढ्याच जोरानं करून पोचलेत, त्या वर्षी जागा जास्त निघाल्या म्हणून. तुमची खूण नशिबाला लागू पडत नाही.

आशावादी : नाही पडत. म्हणून ती खूण घेऊन मी कुणाचा निकाल लावणार नाही, फक्त त्याच्याशी बोलायला सुरुवात करीन.

संशयी : बोलणाऱ्याच्या हातात त्याला द्यायला दुसरं काम नसेल तर ते बोलणंही पुन्हा उपदेशच होईल.

आशावादी : मग बोलणाऱ्यानं आधी ते काम शोधायला बाहेर पडावं, ओळखीतल्या चार ठिकाणी विचारावं, आणि मग बोलावं.

संशयी : तोवर पुढची जाहिरात निघालेली असेल.

आशावादी : असेल, आणि तो फॉर्मही भरेल. भरू दे. त्याच आठवड्यात त्याला शिकवणीच्या त्या पहिल्या तासालाही घेऊन जायचं, आणि तो नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचं.

संशयी : किती आठवडे?

आशावादी : ते मलाही आधी ठरवावं लागेल.